तुमचं काय जातं?

४ फेब्रुवारी

अक्का, नमस्कार.

पत्राला उशीर झाला. बातमी चांगली नव्हती आणि फोनवर ती मला सांगता येईना. फोनवर तुम्ही "बोला, बोला" म्हणता आणि माझी वाचाच बसते. म्हणून दुकानातल्या टेबलाशी बसून लिहितोय. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही.

तुमच्या धाकट्या बहिणीचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी हाच शब्द वापरला. ऑपरेशन तिला झेपणार नाही म्हणाले. गोळ्या घ्यायच्या, आराम करायचा, जिने चढायचे नाहीत. पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "डॉक्टर, यांच्यावर चिडलेलं चालेल ना? त्याशिवाय माझा दिवस जात नाही." डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

घरी आल्यावर तिनंच चहा केला, मला करू दिला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता एक काम करा. देवावर विश्वास ठेवा."

कोपऱ्यावरून दूध आणायला सांगावं, अशा आवाजात.

मी म्हटलं, "असा कसा ठेवू?"

"कसा म्हणजे? ठेवायचा. तुमचं काय जातं? हे बघा, देव नसला तर तुम्ही आणि मी दोघंही संपलो. कोण कुणाला हसायला येणार आहे? पण असला तर? मी आत आणि तुम्ही दाराशी अडकलेले, एवढ्याशा हट्टापायी. मानून नुकसान काहीच नाही, न मानून केवढा धोका!"

"तो असेलच, तर हा माणूस फायदा बघून आलाय हे त्याला कळणार नाही का?"

"त्याच्याकडे निम्मी माणसं तशीच येत असतील. त्याला सवय असेल."

तुम्हाला तिचं बोलणं माहीत आहे, भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं. पण तिनं केलेला चहा तसाच राहिला होता.

अक्का, तुम्हीच तिला या दुकानात आणलं होतंत. शिवणाच्या क्लासमध्ये तिला सुईत दोरा ओवता येत नाही, अशी तक्रार घेऊन. चष्मा लावून ती दाराशी गेली, समोरच्या झाडाकडे बघत राहिली आणि तुमच्यावर उखडली, "झाडाला इतकी वेगवेगळी पानं असतात आणि मला कुणी सांगितलं नाही!" मी आत भिंगं पुसत होतो. तीच भिंगं पुन्हा पुन्हा पुसत राहिलो, तुम्ही दोघी निघून जाऊ नये म्हणून.

जे दिसत नाही ते दिसतंय म्हणा, असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. अख्खा जन्म विचारण्यात गेला: हे स्पष्ट की ते? आणि खरं सांगा हो, नाहीतर नंबर चुकेल. मला देव दिसत नाही. कधीच दिसला नाही. पण तिला नाही म्हणवत नाही. तिच्याशी मी भांडलोय खूप, खोटं कधी बोललो नाही. काय करू सांगा.

तुमचा,
चष्मेवाला

११ फेब्रुवारी

चष्मेवाले,

पत्र वाचून आधी रडले, मग तुमचा राग आला. राग आल्यावर जरा बरं वाटलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला अजून प्रवासाची परवानगी नाही, नाहीतर पत्राच्या जागी मीच येऊन उभी राहिले असते.

हो म्हणा! यात विचार कसला करता?

मी प्रसूतिगृहात आयुष्य काढलं. कळांनी अर्धमेली झालेली बाई माझं मनगट धरून विचारायची, "अजून किती?" मी म्हणायचे, "झालंच की आता, थोडंच राहिलंय." थोडं राहिलेलं नसायचं. कधीकधी तर सुरुवातही धड झालेली नसायची. पण त्या शब्दावर ती पुढची कळ काढायची. मला कधी कुणी खोटारडी म्हटलं नाही. उलट मुलींना माझं नाव ठेवलंय लोकांनी.

धाकटीला असलं काही मागायची सवय नाही. आम्ही एका पलंगावर झोपायचो. दिवा मालवण्याआधी ती हात जोडून बसायची आणि देवाला इतकी कामं सांगायची की मला मध्येच डोळा लागायचा. शेजाऱ्यांची सायकल, मांजरीचा कान, बाईंचा खोकला. स्वतःसाठी काही नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, तुझ्यासाठी माग काहीतरी." तर म्हणते, "माझं काय, मी आहेच की इथं."

आणि तुमच्यासाठी ती बाबांशी कशी बोलली, ते तुम्हाला ठाऊक नसेल. बाबा म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, पण देव मानत नाही." मी जिन्यात वाळलेले कपडे घेऊन उभी होते, सगळं ऐकलं. हिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबा, तो नुसतं 'मानतो' म्हणाला असता तर तुम्ही हो म्हटलं असतंत. म्हणजे खोटं बोलला असता तर चालला असता. मला तसला नको." बाबांच्या ताटातलं थंड झालं. काय ती जीभ पोरीची!

अशा पोरीनं आता एवढीशी गोष्ट मागितली आहे आणि तुम्ही तत्त्वं धरून बसलाय. जा तिच्याबरोबर प्रार्थनागृहात. डोळे मिटा, ओठ हलवा. तिनं विचारलं तर मानतो म्हणा. तिला शांतपणे झोप लागू दे. देवाला काय वाटेल ते मी बघून घेईन, माझी त्याच्याशी जुनी ओळख आहे.

औषधं वेळेवर द्या. मीठ कमी.

तुमची,
अक्का

२ मार्च

अक्का,

तुमचं ऐकलं. त्याचं काय झालं ते सांगतो.

प्रार्थनागृहापर्यंत तिला सोडायला मी लग्नापासून जातोय. ती आत जाते, मी बाहेर झाडाखालच्या बाकावर पेपर वाचतो, संपलं की दोघं चालत घरी येतो. या वेळी दाराशी आल्यावर मी पेपर बाकावर ठेवला आणि तिच्या मागोमाग आत गेलो. तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा तिचा चेहरा जो झाला, अक्का, तो बघून मला वाटलं, तुमचंच बरोबर होतं. मी उगाच इतकी वर्षं ताणून धरलं. लोक उठले की उठलो, बसले की बसलो. डोळे मिटले. ओठ हलवले. तिनं माझी बाही धरून ठेवली होती.

घरी येऊन ती खुर्चीत बसली, चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाली, "काय मागितलंत?"

"तुझी तब्येत."

"आणि काय वाटलं? कुणी ऐकतंय असं?"

"वाटलं."

"म्हणजे कसं?"

"शांत वाटलं."

तिनं चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही तक्ता पाठ करून आलात."

तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. ती दुकानात गल्ल्यावर बसायची त्या काळातली गोष्ट. एक बसचालक नजर तपासायला आला होता. नजर अधू ठरली असती तर त्याला बसवरून उतरवलं असतं. तो आधी बाहेर बसून इतर गिऱ्हाइकं अक्षरं वाचत होती ती ऐकत राहिला आणि आत आल्यावर खालच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवली. मी खूश. हिला शंका आली. हिनं हळूच भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बदलला. तो बिचारा जुन्याच तक्त्यातली अक्षरं म्हणत राहिला, छाती पुढे काढून. आम्ही किती वर्षं हसत होतो त्याला.

आता ती हसली नाही. म्हणाली, "परवा डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेतलं होतं. मी विचारलं तर 'काही नाही' म्हणालात. ते खरं होतं?"

अक्का, ते खरंच होतं. गोळीची वेळ बदलली, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पण आता मी ते कशाच्या जोरावर सांगू? ती मान हलवते आणि दुसरीकडे बघते. सूप चांगलं झालंय म्हटलं तरी माझ्या तोंडाकडे बघते. आधी तिच्याकडे देव न मानणारा पण खरं बोलणारा नवरा होता. आता तोही राहिला नाही.

चष्मेवाला

९ मार्च

चष्मेवाले,

माझ्या जिभेला हाड नाही आणि हाताला तर त्याहून नाही. मीच तुम्हाला बाबांची गोष्ट लिहिली आणि मलाच ती वाचता आली नाही. "मला तसला नको" असं ती लग्नाआधी म्हणाली होती. आणि मी तुम्हाला तसलाच व्हायला सांगितलं. त्या जिन्यात नुसते कपडे घेऊन उभी होते वाटतं मी.

बाळंतिणीचं वेगळं असतं, हे आता लक्षात येतंय. तिला माझ्याबरोबर संसार करायचा नसतो.

मला विचाराल तर सोय म्हणून मानलेला देव कसा असतो, ते मला माहीतच नाही. मी कधी हिशेब केला नाही. मूल बाहेर आलं की ते रडण्याआधी खोली एकदम गप्प होते. तेवढ्यात माझ्या तोंडून देवाचं नाव सुटायचं. मूल रडलं तरी सुटलेलं असायचं, आणि नाही रडलं तरी. त्याचा काही उपयोग होतो का, असं एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं मला. मी म्हटलं, उपयोगासाठी नाही हो, ते निघतंच. हे तुम्हाला सांगून काय होणार? तुमच्या तोंडून निघत नाही, एवढंच. खोकला यायचा तर येतो, ठरवून आणलेला लगेच ओळखू येतो.

आता वकिली करू नका. अक्कानं सांगितलं म्हणून केलं, असंही म्हणू नका, म्हणजे म्हणा, माझी हरकत नाही, पण आधी नको. सरळ जा आणि सांगा की नाही वाटलं मला काही. तिथं मला फक्त तुझा हात कळत होता.

तुमचं पत्र आलं की मी भीतीनं आधी शेवट वाचते. असं करायला लावू नका.

अक्का

३ एप्रिल

अगं अक्का,

तुम्ही दोघं माझ्याबद्दल एकमेकांना पत्रं लिहिता, हे मला कळलंय. त्यांनीच सांगितलं. आता ते मला सगळंच सांगतात, इतकं की वैताग येतो. काल दुकानात झुरळ निघालं, तेही सांगितलं.

माझं अक्षर वाकडं दिसेल. उशीवर कागद ठेवून लिहितेय.

त्यांनी येऊन सांगितलं, "मला काही वाटलं नव्हतं. तुझा हात तेवढा कळत होता." मी "बरं" म्हटलं. पण माझ्या मनातली अढी गेली नव्हती. मला वाटे, याचा अर्थ ठरलंच की. हे माझ्यामागून येणार नाहीत.

मग गेल्या रविवारी आम्ही प्रार्थनेला गेलो. वाटेत दोनदा थांबलो. ते बाकावर बसले, मी आत गेले. आणि अक्का, मध्यावर मी उठले. आपल्याला लहानपणी आई मांडीला चिमटा काढायची, उठायचं नाही म्हणून. जन्मात कधी उठले नव्हते. सगळ्यांसमोरून चालत बाहेर आले.

हे ताडकन उभे राहिले. "काय होतंय? गाडी बोलावू?"

मी म्हटलं, "सरका."

बसले शेजारी. ऊन मस्त होतं, फार नाही. आतून गाणं सुरू झालं, आणि ते बाहेर इतकं स्वच्छ ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं. माहीत कसं असणार, मी कायम आत. आणि यांचा पाय ठेक्यावर हलत होता. ते चौथं कडवं आहे ना, जे मला कधीच आठवत नाही आणि मी नुसतं ओठांनी भागवते, तिथं हे हळूच गुणगुणायला लागले. अक्षर न् अक्षर बरोबर.

"तुम्हाला कसं येतं?"

"इतकी वर्षं बसतोय इथं. पेपर अर्ध्या तासात संपतो."

मी हसले, मग मला रडू आलं आणि जे सांगायचं होतं ते तेव्हा तोंडातून निघालं. मी म्हटलं, "अहो, मला तुमच्या स्वर्गाबिर्गाचं काही पडलेलं नाही. मला एकच भीती वाटते. दर वेळी मी आत जाते आणि संपल्यावर बाहेर येते. या वेळी मी आत जाईन, आणि आतलं संपणारच नाही. आणि तुम्ही बाहेर बसून राहाल."

त्यांनी पेपरची घडी घातली, आणखी बारीक घडी घातली. मग म्हणाले, "बसेन की."

बस, एवढंच.

मी त्यांना मोकळं केलंय त्या मागणीतून. देवालाही सांगून ठेवलंय, की हा माणूस माझा आहे, याला तुझ्या परीक्षेला बसवू नकोस. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर मी आत जाऊन भांडेन. तू म्हणतेस ना, तुझी त्याच्याशी जुनी ओळख आहे? तर तूही शब्द टाक.

जमेल तितक्या लवकर ये गं. गुडघ्याचं काय ते बघू. आपण दोघी एका पलंगावर झोपू आणि मी सायकलवाल्यांची आठवण काढीन.

धाकटी

१२ जून

चष्मेवाले,

मी सुखरूप पोचले. तुम्ही डब्यात चढवून दिलेली पिशवी शेजारच्या बाईंनी उतरवून दिली.

घरी आल्यावर दोन दिवस काही केलं नाही. तिची साडी पिशवीतून काढली नाही अजून. मी वेळेवर आले, शेवटचे दिवस तिच्याजवळ झोपले, हे सगळे म्हणतात आणि खरं आहे. पण मला ते पुरत नाही.

तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी प्रार्थनेला जात नाही. आल्यापासून एकदाही गेले नाही. आयुष्यभर मी त्याच्याकडे माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं, ते या वेळी मागितलं. थोडे दिवस मागितले, जास्त नाही. ते त्याला जमलं नाही. हात जोडायला गेले की हात उचलत नाहीत. आणि तोंडून आता नाव सुटत नाही. परवा खाली एक मूल सायकलवरून पडलं, कोपर फुटलं, मी धावले, सगळं केलं, आणि घरी येऊन लक्षात आलं की आज काही निघालं नाही तोंडून. आत रिकामं होतं.

शेजारीण म्हणाली, "जात राहा हो अक्का. नाही गेलात आणि तो असला तर? तुमचं काय जातं?" मला तिच्या हातातली वाटी फेकून द्यावीशी वाटली.

तुम्हाला बरं वाटेल. एकजण तुमच्या बाजूला आली.

अक्का

२० जून

अक्का, नमस्कार.

मला बरं वाटलं नाही.

तुमचं पत्र घेऊन दुकानात बसलो आणि कुलूप लावायचं विसरून घरी आलो. तुम्हाला वाटतं तसं इथं काही बाजूबिजू नाही. माझी नजर जन्मापासून अशी आहे, मला त्याचं काही वाटत नाही. पण ज्याला दिसत होतं आणि आता दिसेनासं झालं, त्याला "या, बसा, आपण सारखेच" असं आमच्या धंद्यात कुणी म्हणत नाही.

प्रार्थनागृहातले एक वृद्ध गृहस्थ मला भेटायला आले होते. चांगला माणूस. म्हणाले, "आता तरी आत येऊन बसा, तिलाही बरं वाटेल." मी म्हटलं, नाही जमत, पण गाणी सुरू असताना खिडक्या लावू नका. ते हो म्हणाले. माझ्या मनात काही बदललं का, असं तुम्ही निघताना विचारलंत. नाही बदललं. ती कुठं आहे ते मला माहीत नाही. कुठं तरी असावी असं मात्र रोज वाटतं, आणि तेवढ्या वाटण्यावरून मी कुणाला काही सिद्ध करायला जात नाही.

तुम्ही जा किंवा जाऊ नका, पण शेजारणीनं सांगितलेल्या कारणासाठी जाऊ नका. आम्ही दोघांनी ते करून पाहिलंय. रागावला असाल तर तिथं जाऊन रागवा. मी बाहेर बसून ऐकलंय, लोक आत जाऊन भांडतातही. आणि पायच उचलत नसतील तर घरी बसा. घरी बसायला सोबत लागेल.

म्हणून मी येतोय. दुकान पुतण्याकडे सोपवलंय, तो माझ्यापेक्षा नीट चालवतो. शनिवारच्या सकाळच्या गाडीनं निघेन, स्टेशनवर येऊ नका, मला घर सापडतं. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. तुम्ही कंटाळलात की सांगा, मी ऐकून घेतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला शेवटची खोली द्या, तुमच्या खोलीला लागून नको. मी घोरतो. हे मलाही आत्ता आत्ता कळलं. तिला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तिच्याकडे तक्रार केली, "तुमचे मिस्टर खुर्चीत बसून घोरतात, भिंत हलते." मी आपल्या धाकटीकडे बघितलं. ती जगाला सांगायची, हे अजिबात घोरत नाहीत. मलाही हेच सांगितलेलं, लग्न झाल्यापासून.

मी म्हटलं, "आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही झोपला नसता."

तुमचा,
चष्मेवाला